घरून काम करणारे वकील हवे असतील, तर आधी फोर्टच्या फेऱ्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा: फोर्टमध्ये दहा-बारा वकिलांची फर्म आहे. काम करारांचं, मालमत्तेच्या टायटल शोधाचं (मालकी हक्क तपासण्याचं) आणि एनसीएलटी (कंपन्यांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण) व महारेरा (गृहप्रकल्पांचं नियामक प्राधिकरण) यांच्यापुढच्या प्रकरणांचं. चार ते आठ वर्षं अनुभवाचे दोन-तीन वकील पूर्णवेळ घरून काम करण्यासाठी हवे आहेत. जाहिरातीत ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान’ असं लिहूनही चांगले उमेदवार येत नाहीत आणि आलेले वर्षाच्या आत सोडून जातात. तर नेमकी कोणती प्रणाली घ्यावी?

सॉफ्टवेअरच्या नावांनी सुरुवात करत नाही, कारण घोडं तिथे पेंड खात नाही. अशा जागेसाठी मुंबईत साधारण तीन प्रकारचे उमेदवार येतात. बदलापूर किंवा विरारहून रोज चार तास लोकलमध्ये घालवून कंटाळलेले. नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरीला राहून मुंबईच्या दर्जाचं काम करू इच्छिणारे. आणि बाळंतपणानंतर परत येऊ पाहणाऱ्या वकील. तिघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: “महिन्यातून किती वेळा यावं लागेल, आणि कशासाठी?” याचं उत्तर तुम्ही “तसं फारसं नाही, गरज पडली तर” असं दिलं, की अनुभवी माणूस ओळखतो. गरज दर आठवड्याला पडणार आहे. तंत्रज्ञान उमेदवार ओढतं ते इथेच: ‘गरज पडली तर’ याची नेमकी यादी करून, त्यातली एकेक ओळ खोडून दाखवतं तेव्हा.

म्हणून पहिलं काम फुकटचं आहे. चार आठवडे एक वही ठेवा. ऑफिसात किंवा कोर्टात आलेला प्रत्येक वकील तिथे का आला, ते एका ओळीत लिहायचं. ‘मूळ करारनाम्याचं पान पाहायला’, ‘साहेबांची सही घ्यायला’, ‘ऑब्जेक्शन काढायला’ (कोर्टाच्या कार्यालयाने दाखवलेल्या त्रुटी दूर करायला), ‘संशोधनाचा लॉगिन घरून चालत नाही म्हणून’, ‘बोलावलं म्हणून’. महिनाअखेरीस ओळींचे गट पाडा. बहुतेक फर्ममध्ये खऱ्या सुनावणीसाठी झालेल्या फेऱ्या अपेक्षेपेक्षा कमी निघतात आणि कागद, सही व ‘बोलावलं म्हणून’ या तिघांचा वाटा मोठा निघतो.

कागदापासून सुरू करू. घरी बसलेल्या वकिलाला मूळ फाइल दिसत नसेल, तर बाकी सगळं व्यर्थ. नियम साधा ठेवा: ऑफिसात आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी स्कॅन, आणि स्कॅन झाल्याशिवाय फाइलला लावायचा नाही. स्कॅन ३०० डीपीआयला, ए-४, मजकूर शोधता येईल असा ओसीआर करून, पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपण्यासाठीचं पीडीएफ) स्वरूपात. रंगीत स्कॅनचा मोह टाळा. ३०० डीपीआयचं रंगीत पान सहज एक एमबीच्या आसपास जातं, म्हणजे २०० पानांचं कंपायलेशन (एकत्र केलेले दस्त) २०० एमबी. तीच पानं काळ्या-पांढऱ्यात नीट दाबली तर पानाला ५०-७० केबी, म्हणजे सगळं मिळून १०-१४ एमबी. ई-फायलिंगला फाइल न चढण्याचं आणि घरून ती न उघडण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं, इंटरनेट नाही. अपवाद फक्त नकाशे, शिक्क्यांचे रंग महत्त्वाचे असलेले दस्त आणि छायाचित्रं.

फाइलच्या नावात शिस्त हवी. ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘फायनल साहेबांनी पाहिलेलं’ ही परंपरा घरून काम करणाऱ्याला सर्वांत जास्त छळते, कारण शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी नसतं. तारीख आधी (वर्ष-महिना-दिवस), मग दस्ताचा प्रकार, मग पक्षकार, मग स्थिती. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१४_उत्तर_प्रतिवादी२_दाखल’. नाव लहान ठेवा. विंडोजमध्ये फोल्डरसकट पूर्ण मार्गाची सर्वसाधारण मर्यादा २६० अक्षरांची आणि शेअरपॉइंटवर (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फाइल साठवण) ४०० ची. पक्षकारांची पूर्ण नावं फोल्डर-उपफोल्डरला देत गेलं की ही मर्यादा ओलांडली जाते, फाइल सिंक होणं थांबतं, आणि वकिलाला मात्र आपलं काम सेव्ह झालं असंच वाटत राहतं. मसुदा हरवल्याच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे मुरलेलं असतं.

दस्तांसाठी कोणती प्रणाली? दहा-बारा वकिलांच्या फर्मला आयमॅनेज किंवा नेटडॉक्युमेंट्ससारखी मोठी प्रणाली लगेच घ्यायची गरज नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ आधीच असेल तर शेअरपॉइंट नीट लावा: प्रत्येक मॅटरला (प्रकरणाला) स्वतंत्र जागा, त्याच जागेत त्या मॅटरचे ईमेल, जुन्या आवृत्त्या जपणारी सोय चालू, आणि मॅटरवर नसलेल्याला ती जागा दिसायचीच नाही अशी परवानगी. ही शेवटची गोष्ट पक्षकारांच्या हितसंबंधांसाठी तर लागतेच, पण अनुभवी उमेदवारही ती विचारतात. उलट, सर्व्हर फोर्टच्या जुन्या इमारतीत ठेवून घरून व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या सुरक्षित जोडणीने) जोडायची पद्धत सोडा. घरच्या माणसाला फाइल मिळण्याचा वेग तुमच्या ऑफिसच्या अपलोडवर ठरतो, आणि जुलैतल्या एका मुसळधार दिवशी इमारतीची वीज गेली की लांबचे सगळे वकील एकदम हात बांधून बसतात.

मराठी कागदांकडे मुंबईतल्या इंग्रजीत काम करणाऱ्या फर्म हमखास काणाडोळा करतात, आणि टायटलच्या कामात तिथेच अडतात. ठाणे-रायगडचे सातबारे, फेरफार, मुंबईची मालमत्ता पत्रकं, जुने दस्त, खालच्या कोर्टांचे रोजनामे हे सगळं मराठीत असतं. जुन्या वर्ड फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. घरच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसला की उघडल्यावर नुसती चिन्हं दिसतात, आणि शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. अशा फाइली एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्या, पण बदलल्यावर वाचायला मराठी येणारा माणूस बसवा. ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, आणि गावाचं नाव बिघडलं की पुढे शोधातून ते गाव गळतं. ओसीआरमध्ये देवनागरी १ आणि ९ एकमेकांच्या जागी जातात. गट क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि फेरफाराचा क्रमांक मूळ प्रतिमेशी ताडल्याशिवाय टायटल अहवालात घ्यायचे नाहीत. पक्षकारांचे दस्त फुकटच्या ओसीआर संकेतस्थळांवर चढवायचे नाहीत, हेही लेखी नियमात घाला.

टायटलच्या कामाचा चांगला भाग असा की ते घरून करण्यासारखं आहे. नोंदणी महानिरीक्षकांच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२ (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) शोधता येतो, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि मालमत्ता पत्रक ऑनलाइन मिळतं. जुन्या वर्षांसाठी मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात शोध घेणारा माणूस पाठवावाच लागतो, आणि ‘अमुक वर्षाची पानं फाटलेली’ हा शेरा प्रत्यक्ष पाहूनच येतो. म्हणून वाटणी करा: ऑनलाइन शोध आणि अहवाल घरचा वकील करेल, प्रत्यक्ष शोध घेणारा त्याच दिवशी आपली टिपणं आणि पावतीचे फोटो मॅटरच्या जागेत टाकेल, व्हॉट्सॲपवर नाही.

आता सही. ऑफिसच्या खणात पडून असलेला डिजिटल सहीचा टोकन (सही साठवलेलं यूएसबी उपकरण) ही फोर्टच्या फेऱ्यांची मोठी खाण आहे. एकाचा टोकन आणि पिन दुसऱ्याने वापरणं ही सोय वाटते, पण ती सही कायद्याने ज्याची त्याचीच असते, आणि उद्या वाद झाला तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. चांगला वकील अशा व्यवस्थेत यायला बिचकतो, आणि बरोबरच करतो. नव्या वकिलाला त्याच्या स्वतःच्या नावाचं क्लास-३ डिजिटल सही प्रमाणपत्र फर्मच्या खर्चाने काढून द्या (क्लास-२ प्रमाणपत्रं १ जानेवारी २०२१ पासून देणं बंद आहे). ई-कोर्ट्सच्या ई-फायलिंगमध्ये आधारवर आधारित ई-साइनचाही पर्याय असतो. त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असला पाहिजे. टोकन काही मॅकबुकवर रुसतो: ड्रायव्हर जुना असतो, ब्राउझर ओळखत नाही. म्हणून लॅपटॉप देण्याआधी त्याच यंत्रावर, त्याच ब्राउझरमध्ये, त्याच टोकनने एक सही करून पाहा. दाखल करायच्या दिवशी संध्याकाळी साडेचारला हा शोध लागू नये.

प्रतिज्ञापत्राचं शपथेवर करणं मात्र ऑनलाइन ढकलू नका. शपथ घेणाऱ्याला सहसा नोटरीसमोर किंवा कोर्टातल्या अधिकाऱ्यासमोर जावं लागतं, आणि त्याला ओळखणाऱ्या वकिलाची सही लागते. त्या सहीसाठी घरच्या वकिलाला कोल्हापूरहून बोलावणं वेडेपणाचं आहे. फोर्टमधल्या सहकाऱ्याने त्या माणसाची ओळख स्वतः पटवून सही करायची, अशी व्यवस्था आधीच ठरवा. हीच गोष्ट ऑब्जेक्शनची. हायकोर्टात दाखल केल्यावर कार्यालयाची ऑब्जेक्शन्स निघतात, ती काढायची मुदत असते. क्लार्कने ऑब्जेक्शनची प्रत मॅटरमध्ये टाकली, दुरुस्ती घरच्या वकिलाने केली, पानं क्लार्कने बदलली, असं घडलं तर कोणाला लोकल पकडावी लागत नाही. खरं सांगायचं तर, घरून काम करणाऱ्या तीन वकिलांमागे फोर्टमध्ये एक चांगला, स्कॅनरवर हात बसलेला कोर्ट क्लार्क हीच तुमची सर्वांत महत्त्वाची ‘यंत्रणा’ आहे. प्रेसीपी (कोर्टाला लेखी विनंतीची चिठ्ठी) देणं, नक्कल काढणं, कोर्ट फी, रोजनामा पाहणं, मुंबईच्या कोर्टांतलं हे काम अजून पायांनीच होतं.

सुनावण्यांबद्दल उमेदवाराला खरं सांगा. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ कॉन्फरन्सिंगला रीतसर वाट दिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयांनी वकिलांना ही सोय नाकारू नये असा आदेश दिला. तरी प्रत्यक्षात कोर्टागणिक फरक आहे. महारेराच्या सुनावण्यांना ऑनलाइन हजर राहता येतं, एनसीएलटीत हायब्रिड (प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन) सोय आहे, आणि फोर्टचं किंवा दिंडोशीचं दिवाणी कोर्ट, धोबी तलावचं लघुवाद न्यायालय इथे साक्षीपुराव्याला जावंच लागतं. त्यामुळे घरच्या वकिलाला प्रकरणं देतानाच मंच पाहून द्या. लघुवाद न्यायालयातल्या उलटतपासण्या त्याच्या वाट्याला टाकून ‘पूर्ण रिमोट’ म्हणणं ही फसवणूक आहे आणि ती दुसऱ्या महिन्यात उघडी पडते. तारखांसाठी प्रत्येक मॅटरला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्समधली प्रकरणाची ओळख) जोडा. ई-कोर्ट्समधून पुढची तारीख आपोआप कॅलेंडरवर आणणाऱ्या भारतीय प्रणाली आहेत, पुण्याची प्रोव्हकील त्यांतली एक. पण हायकोर्टाचं बोर्ड (दिवसाच्या प्रकरणांची यादी) आदल्या संध्याकाळी माणसाने पाहायचंच. आपोआप येणारी नोंद पुरवणी बोर्डावर आलेलं प्रकरण चुकवू शकते.

ऑनलाइन सुनावणीसाठी घरी काय लागतं, तेही यादीने द्या. व्हिडिओला खाली-वर ३-४ एमबीपीएस पुरे होतात. अडतं ते वायफायमुळे आणि वीज गेल्यामुळे. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल ओढा. राउटरला छोटा डीसी यूपीएस द्या, पण घरात फायबरचा वेगळा ओएनटी डबा (फायबर जिथे येऊन जोडते तो) असेल तर त्यालाही तो लागतो, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद. घेताना व्होल्टेज पाहा: बहुतेक डबे १२ व्होल्टचे, पण काही ९ व्होल्टचे असतात, आणि चुकीचा लावला तर डबा जळतो. दुसऱ्या कंपनीचं ५जी सिम पर्यायासाठी. तारेचा हेडसेट, ब्लूटूथवाला ऐन युक्तिवादात फोनला जाऊन चिकटतो. पडद्यावरच्या नावात बोर्डावरचा आयटम क्रमांक आधी. सीनियर काउन्सेलला बाजूने सूचना पाठवायला वेगळं यंत्र, कारण एकाच लॅपटॉपवर संदेश वाजला की तो कोर्टाला ऐकू जातो. लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि सोबत २४ इंची दुसरा मॉनिटर. दोन करार शेजारी-शेजारी ठेवून ताडण्याचं काम १४ इंचांवर करणाऱ्याची मान आणि नजर दोन्ही जातात, आणि मग चूकही नजरेतून सुटते.

संशोधनाच्या लॉगिनचा मुद्दा छोटा आहे, पण उमेदवारावर त्याचा परिणाम मोठा होतो. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा या निवाड्यांच्या डेटाबेसची वर्गणी अनेक फर्मनी ऑफिसच्या आयपी पत्त्याला बांधून घेतलेली असते. घरून उघडत नाही. किंवा एकाच वेळी दोनच जणांना चालते आणि ऑफिसातल्या कोणीतरी सकाळी उघडून ठेवलेली असते. नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येकाचा स्वतंत्र आयडी मागा. ज्या वकिलाला इंडियन कानून या मोफत संकेतस्थळावर निवाडा शोधून मग ‘कोणीतरी एससीसीची प्रत पाठवा’ अशी याचना करावी लागते, तो आठ महिन्यांत दुसरी नोकरी शोधतो.

एआयबद्दल आता प्रत्येक मुलाखतीत विचारलं जातं, दोन्ही बाजूंनी. मुंबईतल्या मोठ्या फर्मनी यात लवकर उडी घेतली. सिरिल अमरचंद मंगलदासने २०१७ मध्येच करार तपासणारी किरा प्रणाली घेतली होती. तुमच्याकडे सशुल्क साधन नसेल तरी लेखी धोरण हवं: कोणतं साधन चालेल, पक्षकाराचा मजकूर कुठे टाकायचा नाही, आणि पडताळणी कोण करेल. धोरण नसलं की लोक वापरतातच, फक्त चोरून, आणि तेही स्वतःच्या फुकट खात्यावर. पडताळणीचा नियम कडक ठेवा: उद्धृत केलेला प्रत्येक निवाडा न्यायालयाच्या संकेतस्थळावरून किंवा वर्गणीच्या डेटाबेसमधून उघडायचा, तटस्थ उद्धरण, म्हणजे न्यायालयाने स्वतः दिलेला निवाड्याचा क्रमांक, जुळवायचं (मुंबई उच्च न्यायालयाच्या उद्धरणात बीएचसी, त्यापुढे मूळ बाजूला ओएस, अपील बाजूला एएस असं बाजूचं किंवा खंडपीठाचं चिन्ह असतं), आणि ज्या परिच्छेदावर भर दिला तो स्वतः वाचायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्तित्वातच नसलेल्या निवाड्यांवर उभा असलेला आयकर आकारणीचा आदेश रद्द केला, तेव्हा हा धोका फक्त वकिलांपुरता नाही हेही कळलं. करार ताडणं, तारखांचा घटनाक्रम काढणं, लांब पत्रव्यवहाराचा गोषवारा यासाठी ही साधनं खरोखर वेळ वाचवतात. कनिष्ठाच्या डोक्यावरचं हमालीचं काम कमी होतं, आणि उमेदवाराला हेच ऐकायचं असतं.

आता जी गोष्ट घेऊ नये ती. दर काही मिनिटांनी पडद्याचं छायाचित्र काढणारं, माउस हलतो का पाहणारं पाळतीचं सॉफ्टवेअर. चांगले वकील ते ऐकून मुलाखतीतूनच उठतात, हा एक भाग. दुसरा भाग तुमच्या अंगावर येणारा आहे: त्या छायाचित्रांत पक्षकाराची गोपनीय कागदपत्रं असतात आणि ती तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर साठतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ ने पक्षकाराशी झालेल्या व्यवहाराच्या गुप्ततेची जबाबदारी वकिलावर टाकली आहे. ती छायाचित्रं कोणी पाहिली याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. कामाचा हिशेब हवा तर मॅटरनिहाय वेळ नोंदवा, सहा मिनिटांच्या एककात, आणि ती नोंद दस्त आणि ईमेलच्या खिडकीतूनच एका क्लिकमध्ये होऊ द्या. शुक्रवारी रात्री आठवडाभराचं आठवून भरलेलं टाइमशीट कोणाच्याच कामाचं नसतं.

याच नोंदीचा उपयोग उलट्या दिशेनेही करा. घरून काम करणाऱ्याची सर्वांत मोठी भीती अशी की मसुदा मी केला, नाव समोर बसलेल्याचं झालं. आवृत्त्यांचा इतिहास पाहून पहिला मसुदा कोणाचा हे वार्षिक मूल्यमापनात धरतो, असं तुम्ही दाखवू शकलात तर ते कुठल्याही भत्त्यापेक्षा जास्त खेचतं. दुरुस्त्याही बदल दिसतील अशा पद्धतीनेच परत पाठवा, आणि मोठ्या दुरुस्तीमागचं कारण एका ओळीच्या टिप्पणीत लिहा. ऑफिसात कनिष्ठ वकील चहा पिता-पिता शिकतो. घरी बसलेल्याला ती टिप्पणीच काय ती शिकवणी. रात्री साडेदहाचे व्हॉट्सॲपवरचे ध्वनिसंदेश बंद करा. सूचना मॅटरच्या जागेत, लेखी. त्या शोधता येतात, ध्वनिसंदेश शोधता येत नाही. हे भागीदारांना पटवणं सगळ्या तंत्रज्ञानात कठीण, आणि ते न पटल्यास बाकीच्या खरेदीला फारसा अर्थ नाही.

सुरक्षेची मांडणी उमेदवाराच्या बाजूने करा. लॅपटॉप फर्मचा, डिस्क कूटबद्ध, लॉगिनला ऑथेंटिकेटर ॲप किंवा हार्डवेअर की (एसएमएसच्या ओटीपीवर विसंबू नका). फोन त्याचा स्वतःचा असेल तर त्यात कामाचा वेगळा कप्पा, आणि लेखी हमी की फर्मला त्याचे फोटो, संदेश दिसत नाहीत आणि सोडताना फक्त कामाचा कप्पा पुसला जाईल. ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण असते. वन रूम किचनमध्ये राहणाऱ्याला पडद्यावरची प्रायव्हसी फिल्म आणि हेडसेट द्या आणि गोपनीय कॉन्फरन्ससाठी घराजवळच्या तासावारी खोलीचा खर्च मान्य करा. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तर पहिल्या तासात कळवणाऱ्यावर कारवाई नाही, असं लिहून ठेवा. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) निर्देशांनुसार डेटा फुटल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. घाबरून दुसऱ्या दिवशी सांगणारा माणूस तुम्हाला ती मुदत चुकवायला लावतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनांना १८ महिन्यांची सवड आहे, आणि सुरक्षेतल्या हयगयीला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. मोठे पक्षकार याबद्दल प्रश्नावली पाठवू लागलेत, तेव्हा हा खर्च नुसता भरतीसाठी नाही.

जाहिरातीत एक गोष्ट स्पष्ट हवी, आणि तिचा तंत्रज्ञानाशी संबंध नाही: जागा पगारी आहे की रिटेनरवर (ठरलेल्या व्यावसायिक शुल्कावर). बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, सनदीबाबत बार कौन्सिलला कळवावं लागतं. उमेदवाराने ई-फायलिंग करावी, हजर राहावं अशी अपेक्षा असेल तर व्यवस्था व्यावसायिक शुल्काचीच हवी. लांबून येणाऱ्याला हे विचारायला संकोच वाटतो, म्हणून तुम्हीच लिहा.

जाहिरातीचा मजकूर असा काहीसा:

“कॉर्पोरेट आणि मालमत्ता कामासाठी वकील, ४–८ वर्षं अनुभव. महाराष्ट्रात कुठूनही. रिटेनर पद्धत, सनद कायम. फोर्टला येणं: तिमाहीत दोन दिवस, तारखा वर्षाच्या सुरुवातीला ठरलेल्या, प्रवासखर्च फर्मचा. सुनावण्या: फक्त महारेरा आणि एनसीएलटी, ऑनलाइन. दाखल करणं, ऑब्जेक्शन्स, नकला: फोर्टमधला क्लार्क. आम्ही देतो: लॅपटॉप, दुसरा मॉनिटर, स्वतःच्या नावाचं डिजिटल सही प्रमाणपत्र, एससीसी ऑनलाइनचा वैयक्तिक आयडी, राउटरचा यूपीएस. पडद्यावर पाळत नाही. मराठी दस्त वाचता येणं आवश्यक.”

यात ‘अत्याधुनिक’ हा शब्द कुठेच नाही, तरी वाचणाऱ्याला सगळं कळतं. अर्थात, लिहिलेलं खरं असलं पाहिजे. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत चाळीस मिनिटांचं प्रात्यक्षिक ठेवा. बनावट नावांचं एक मॅटर तयार ठेवा, उमेदवाराला तात्पुरतं लॉगिन द्या आणि त्याच्याच घरून, त्याच्याच इंटरनेटवर तीन गोष्टी करायला सांगा: २०१९ चा एक दस्त शोधून काढणं, कराराच्या दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणं, आणि फोर्टच्या क्लार्कला दाखल करण्याचं काम सोपवणं. परीक्षा अर्धी त्याची, अर्धी तुमची. दस्त सापडायला दहा मिनिटं लागली तर दोष त्याचा नसतो.

रुजू होण्याआधी लॅपटॉप कुरिअरने पोचलेला, लॉगिन तपासलेलं, टोकनने सही करून पाहिलेली. पहिल्या आठवड्यात एक छोटं मॅटर सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्याच्याकडे. पहिल्या महिन्यात रोज पंधरा मिनिटांचा कॉल, नंतर आठवड्यातून दोनदा. बाळंतपणानंतर परतणाऱ्या वकिलांसाठी तास ठरवून घ्या आणि कॅलेंडरवर ते तास सगळ्यांना दिसू द्या. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पगारी नोकरीत रजेनंतर घरून काम परस्पर संमतीने देण्याची तरतूद केली. रिटेनरवर ती आपोआप लागू होत नाही, म्हणून पत्रात लिहून द्या.

पैसे मोजके असतील तर क्रम असा धरा. आधी चांगला स्कॅनर आणि फाइलींची शिस्त. मग मॅटरनिहाय जागा आणि परवानग्या. मग वैयक्तिक संशोधन आयडी आणि डिजिटल सह्या. त्यानंतर घरचं साहित्य. एआयचं सशुल्क साधन यानंतर, कारण विस्कळीत फाइलींवर ते विस्कळीतच उत्तरं देतं. पूर्ण आभासी डेस्कटॉपची (सगळं काम दूरच्या सर्व्हरवर, घरी फक्त पडदा) व्यवस्था सध्या नको. घरच्या साध्या इंटरनेटवर टंकलेखन मागे पडतं आणि लोक वैतागून फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवायला लागतात. आणि फोर्टमधल्या क्लार्कचा पगार याच अंदाजपत्रकात, तंत्रज्ञानाच्या रकान्यात धरा.